एका अंकात दोन फुंकरी

पाहुण्याने पिशवी एकच आणायची, हा त्या कचेरीतला जुना नियम. तो केला कात्रीने. कात्री म्हणजे मुलांच्या त्या साप्ताहिकाचे संपादक. तोंडावर सगळे त्यांना साहेब म्हणत आणि पाठ वळली की कात्री. कुणाचंही लिखाण हातात आलं की आधी कापायचं आणि मग वाचायचं, अशी त्यांची ख्याती होती. आपलं नाव काय पडलंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, मनातून ते खूश होते.

तर नियम असा. त्या साप्ताहिकात बऱ्याच चित्रमालिका चालायच्या. वर्षातून एकदा दोन मालिकांमधली पात्रं एकाच गोष्टीत भेटायची. त्याला जोडअंक म्हणत. पात्र दुसऱ्याच्या गोष्टीत गेलं की ते पाहुणं, आणि त्याच्या अंगच्या करामती म्हणजे त्याचं सामान. आता दोघांनीही आपापलं सगळं बिऱ्हाड आणलं तर गोष्ट व्हायची कशी? एक डोंगर उचलतोय, दुसरा वेळ थांबवतोय, मग दुष्टाने काय उभं राहून टाळ्या पिटायच्या? म्हणून प्रत्येकाने एकच पिशवी आणायची. तीत एक मोठी करामत आणि एखादी चिल्लर. बाकीचं दारात ठेवायचं. आणि दारात ठेवलं ते कायमचं गेलं, पुढच्या अंकात परत उचलायचं नाही. हे शेवटचं कलम पोरांनी घालायला लावलं होतं. एका वर्षी एक जादूगार उडणं दारात ठेवून आला आणि पुढच्याच आठवड्यात आपल्या मालिकेत मजेत उडाला. झालं! पोरांनी पत्रांचा असा मारा केला की पोस्टमन जिना चढायला नाही म्हणू लागला.

कात्रीला या सगळ्याची भारी हौस. त्यांच्या टेबलावर खरोखरीच्या दोन कापडी पिशव्या असत आणि दाराशी एक पत्र्याची बादली. करामती चिठ्ठ्यांवर लिहायच्या, ठेवायच्या त्या पिशवीत, सोडायच्या त्या बादलीत. मोठमोठी माणसं त्या बादलीवरून हमरीतुमरीवर आलेली त्या खोलीने पाहिली होती. पण त्या वर्षीचा जोडअंक दोन सख्ख्या बहिणींच्या वाट्याला आला आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

थोरलीच्या मालिकेचं नाव कुलूपकाका. लांब कोट, हातात निळी छत्री, पाठीत किंचित वाकलेला म्हातारा. जगातलं कुठलंही कुलूप असो, तिजोरीचं नाहीतर तुरुंगाचं, काकांनी गाल फुगवून फुंकर मारली की ते खटकन उघडायचं. धाकटीची मालिका ठिगळी. ठिगळं लावलेला झगा घातलेली एवढीशी पोर. कुणाला लागलं, खरचटलं, भाजलं की ठिगळी त्यावर फुंकर मारायची, म्हणायची, "गेलं बघ उडून!" आणि दुखणं खरंच पळायचं. 

म्हणजे फुंकर दोघांकडेही. आणि एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.

थोरली धाकटीवर जळत होती. याला दुसरा गोड शब्द शोधण्यात अर्थ नाही. वर्षानुवर्षं जळत होती, आणि जळण्याचं सगळ्यात मोठं कारण हे की धाकटीला त्या कचेरीत तिनेच आणलं होतं. "जरा बघा साहेब, बरं लिहिते," असं म्हणून स्वतःच्या हाताने तिला आत सरकवलं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच! कानामागून आली आणि तिखट झाली. खिडकीपाशी उजेडाचं टेबल धाकटीला. थोरलीचं आपलं आतल्या भिंतीला लागून, खालच्या छपाई यंत्राची थरथर जिथे टाचांतून दाढांपर्यंत पोचते तिथे. मुखपृष्ठावर ठिगळी. सुट्टीत मुलं आईबापांचा हात धरून कचेरी बघायला आली की विचारायची, ठिगळीवाली बाई कुठे बसते? आणि कुणीतरी सहज सांगायचं, "त्या तिकडे. आणि या त्यांच्या बहीण." या त्यांच्या बहीण! दाराशी प्रत्येक मालिकेची पत्रपेटी टांगलेली असे. ठिगळीच्या पेटीचं झाकण लागायचं नाही. काकांच्या पेटीत एका आठवड्यात निघालं काय, तर कुणीतरी चुकून टाकलेलं बसचं तिकीट.

बरं, धाकटीला धड शुद्धलेखन येत असतं तरी एक वेळ चाललं असतं. तिचं लिखाण थोरलीच तपासायची, कारण कात्रीने ते काम तिच्या गळ्यात मारलं होतं. दर आठवड्याला ठिगळीच्या तोंडाशी काढलेल्या बोलण्याच्या फुग्यात धाकटी लिहायची "फु", पहिला उकार. दर आठवड्याला थोरली तो खोडून दुसरा काढायची. "शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ असतो चिमे. किती वर्षं सांगायचं?" धाकटी म्हणायची, "तू आहेस ना ताई काढायला." की परत पुढच्या आठवड्यात फु. जिला ऱ्हस्वदीर्घ कळत नाही तिची पेटी भरून वाहते, या विचाराने थोरलीचा जेवतानाही घास अडकायचा.

याची मुळं खूप लांब होती. "मोठी आहेस ना, देऊन टाक," हे वाक्य थोरलीने आईच्या तोंडून जितकं ऐकलं तितकं स्वतःचं नावही ऐकलं नसेल. बाहुली दिली. भिंतीकडची झोपायची जागा दिली. शाळेत मिळालेली निळी छत्री, तीसुद्धा दिली, आणि स्वतः दप्तर डोक्यावर धरून गेली. काकांच्या हातात निळी छत्री का, हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. लाज वाटायची. 

आणि या सगळ्यावर कडी झाली ती मागच्या वर्षी. ठिगळीला कसलंसं बक्षीस मिळालं, सभागृह भरलं. कुणीतरी विचारलं, ही फुंकर सुचली कुठून? धाकटी हसून म्हणाली, "सुचली नाही, घरातलीच आहे. लहानपणी गुडघा फुटला की फुंकर मारणारं माणूस होतं घरात." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत बसलेली थोरली छताच्या पंख्याकडे बघत राहिली, कारण खाली बघितलं असतं तर डोळ्यांतलं गालावर आलं असतं. म्हणजे आई हिच्या गुडघ्यावर फुंकर मारायची! आपला गुडघा फुटायचा तेव्हा आई काय म्हणायची? "काही होत नाही, मोठी आहेस." आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण त्या दिवशी थोरलीला तिचाही राग आला.

तर कात्रीच्या खोलीत तिघं बसली. चहाचे कप बाजूला सारून कात्रीने पिशव्या पसरल्या.

"चिल्लर आधी उरकू. काकांची छत्री?"

"पुढे चालून रस्ता दाखवते," थोरली म्हणाली. "राहू दे."

"राहू दे. ठिगळीच्या झग्याचा खिसा?"

"हवं ते निघतं त्यातून," धाकटी म्हणाली.

"मग बादलीत. ज्याच्या खिशातून हवं ते निघतं त्याला गोष्ट हवी कशाला? आणि ते मांजरांशी बोलणं?"

"ते ठेवा ना साहेब."

"गोष्टीत मांजर कुठे आहे?" थोरली म्हणाली.

"घालता येईल."

"बघा! आता माझ्या वाट्याच्या पानांत मांजरं सोडणार ही."

कात्री हसले, पण थोरली हसली नाही. तिचं लक्ष टेबलावर उरलेल्या दोन चिठ्ठ्यांकडे होतं. दोन्हींवर एकच शब्द लिहिलेला.

"आता हे," कात्री म्हणाले. "दोन फुंकरी चालणार नाहीत. चित्रात दोन्ही सारख्याच दिसतात. गाल फुगलेले आणि पुढे चार रेघा. पोरांना कळणार कसं, कोण काय करतंय? एक राहील, एक जाईल. आणि आधीच सांगतो, मागाहून रडारड नको. फुंकर गेली तर काका म्हणजे नुसता छत्रीवाला म्हातारा, आणि ठिगळी म्हणजे नुसती फाटक्या झग्याची पोर. जिची जाईल तिची मालिका फार दिवस तगायची नाही."

थोरली आठवडाभर याच क्षणाची तयारी करत होती. "काका आधी आले," ती म्हणाली. "हिला पेन धरता येत नव्हतं तेव्हापासून काका फुंकर मारतायत. आधी फुंकर माझी. हिने ती नंतर उचलली."

उचलली, असंच म्हणाली. चोरली म्हणाली नाही एवढंच. पुढचे मुद्दे तिच्या जिभेवर रांगेत उभे होते. धाकटी चिडेल, पत्रांचे गठ्ठे दाखवेल, मग आपण असं म्हणू, मग ती तसं म्हणेल. भांडणाची तिला केवढी हौस आली होती!

धाकटीने आपली चिठ्ठी उचलली. थोडा वेळ बोटांत धरली. "घे ताई," म्हणाली, उठली, चिठ्ठी बादलीत टाकली आणि आपल्या टेबलाकडे निघून गेली.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अगं, घे काय घे? देऊन टाकणं हे माझं काम! जन्मभर मी दिलं, आणि आज चारचौघांत दानशूर तू झालीस? जिंकूनही तिला चहा कडू लागला.

गोष्टीचा पहिला अर्धा भाग धाकटीने लिहायचा आणि दुसरा थोरलीने, असं ठरलं होतं. धाकटीची पानं आली तेव्हा थोरली लाल पेन घेऊन बसली. दोन ओळी वाचल्या आणि तिचं पेन थांबलं. 

गोष्टीत एक घर होतं, घराला बाहेरून कुलूप. आत एकटी लहान मुलगी, तिची आई कामाला गेलेली. मुलीचा गुडघा फुटलाय, त्यावर जेमतेम खपली धरत आलीय, आणि ती दाराशी बसून रडतेय. बाहेर पायरीवर कुलूपकाका आणि ठिगळी. ठिगळी रिकामे हात बघतेय. इथे धाकटीचा भाग संपला होता.

हे घर थोरलीला पाठ होतं. त्यांची आई सूतगिरणीत होती. सकाळी दोघींना आत ठेवून बाहेरून कुलूप घालायची आणि उजेड उतरताना परत यायची, केसांत, पापण्यांवर, पदरावर कापूस घेऊन. तो कापूस कुलपाच्या भोकातही जायचा. म्हणून किल्ली घालण्याआधी आई कुलपावर फुंकर मारायची, फू! थोरली दाराला आतून कान लावून दिवसभर त्या एका आवाजाची वाट बघायची. तो आवाज आला की छातीवरचा दगड उतरायचा, कारण आता धाकटीला सांभाळायची पाळी आईची. कुलूपकाका तिथून आले होते. कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आता ही बया तेच दार अंकात छापायला निघाली! म्हणजे आईची जखमेवरची फुंकर हिची होतीच, आता आईचं कुलूपही हिला हवं होतं.

रागारागात थोरलीने आपली पानं लिहून काढली. काका कुलपावर फुंकर मारतात, दार उघडतं. काका आत जातात, मुलीच्या गुडघ्यावर फुंकर मारतात, मुलगी हसते. आणि ठिगळी? ठिगळी बाहेर पायरीवर काकांची छत्री धरून उभी. शेवटच्या चित्रातसुद्धा तिच्याकडे कुणी बघत नाही. हे लिहिताना थोरलीला जे काही वाटलं त्याला समाधान म्हणता येणार नाही, पण बरं वाटलं हे खरं.

कात्रीने पानं वाचली. चक्क आधी वाचली, मग हातातली कात्री खाली ठेवली.

"काकांची फुंकर काय करते?"

"बंद असतं ते उघडते."

"खपली म्हणजे काय?"

थोरली आपल्याच पानांकडे बघायला लागली.

"सांगा की. उघडं असतं ते बंद होत आलेलं, त्याला खपली म्हणतात. तिच्यावर तुमच्या काकांनी फुंकर मारली तर काय होईल?"

"उघडेल," थोरली म्हणाली.

"रक्त काढलंत तुम्ही पोरीचं. आणि ठिगळीला बाहेर छत्री धरायला उभं करून." कात्रीने चष्मा पुसला. "पाहुण्याला दुसऱ्याच्या घरात नवी करामत फुटत नाही. जखम बरी करणारी फुंकर बादलीत आहे, काकांच्या पिशवीत नाही. पोरं हे पहिल्या वाचनात पकडतील. पानं उद्या सकाळी खाली छपाईला जायची आहेत, तेव्हा काय करायचं ते आज करा."

थोरली तिथून जी निघाली ती थेट खिडकीच्या टेबलापाशी.

"मुद्दाम केलंस ना?"

धाकटीने वर बघितलं. "काय?"

"खपली! घे ताई, घे ताई, म्हणे. तेव्हाच ओळखायला हवं होतं मी. द्यायचं सोंग केलंस आणि मागून खड्डा खणलास."

"ताई, फुटलेल्या गुडघ्याला खपलीच धरते. दुसरं काय धरणार?"

"साळसूदपणा पुरे झाला! सगळं तुलाच हवं. खिडकी तुला, मुखपृष्ठ तुला. आई पण तुलाच. तिची फुंकर तुझ्या गुडघ्यावर! माझ्या गुडघ्यावर एकदा, एकदा तरी मारली का तिने? मला काय मिळालं? मोठी आहेस ना!" थोरलीचा आवाज चिरकला. आजूबाजूची टेबलं कानकोंडी होऊन कागदांत शिरली. "आणि वर सभागृहात सांगतेस, फुंकर मारणारं माणूस होतं घरात."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. नुसती बावचळली होती.

"आई?" ती म्हणाली. "ताई, आई घरी कधी यायची?"

"संध्याकाळी. का?"

"आणि मी पडायचे कधी?"

थोरलीने टेबलाची कड धरली.

"दुपारी. पलंगावरून उड्या मारताना, नाहीतर त्या मोरीच्या उंबऱ्याला अडखळून. आई येईपर्यंत तर खपली धरलेली असायची. दुपारी घरात कोण होतं ताई?"

खाली छपाई यंत्र चालू झालं, खिडकीची काच थरथरली. थोरलीला अंधुक काहीतरी दिसलं. एक मळका बारका गुडघा. त्याला दोन्ही हातांत धरून बसलेली आपण, स्वतःही रडकुंडीला आलेली, कारण हिचं रडणं थांबलं नाही तर आई येऊन आपल्यालाच बोलणार. म्हणून गाल फुगवून मारलेली फुंकर. आणि मग घाईघाईने म्हटलेलं, गेलं बघ उडून, गेलं बघ उडून. 

गेलं बघ उडून! दर आठवड्याला त्या शब्दांच्या शेजारचा उकार तिने लाल पेनाने दीर्घ केला होता आणि आपलाच आवाज तिला ओळखू आला नव्हता.

"मग नाव का नाही घेतलंस माझं?" तिने विचारलं. आवाज अजून रागाचाच होता.

"तू समोर बसली होतीस. मी तुझ्याकडेच बघून बोलत होते. तू पंख्याकडे बघत होतीस."

आता तुम्ही म्हणाल, झालं, बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. कसल्या पडतायत! थोरलीच्या मनातला जळफळाट विझला नाही, उलट आता त्याला खरं जळण मिळालं. ती तिथल्या रिकाम्या खुर्चीवर बसली आणि हळू, पण स्पष्ट म्हणाली, "म्हणजे तुला मी होते."

"हो."

"मग मला कोण होतं चिमे?"

थोरली उत्तरासाठी थांबली नाही. उठली, आणि आपल्या भिंतीच्या टेबलाकडे गेली.

जाताना ती कात्रीच्या दारात वाकली. बादलीत हात घालून तिने धाकटीची चिठ्ठी शोधून काढली, आत जाऊन टेबलावरच्या ठिगळीच्या पिशवीत ठेवली आणि काकांच्या पिशवीतली फुंकरीची चिठ्ठी बादलीत टाकली.

"अहो, बादलीतलं उचलत नाहीत!" कात्री ओरडले.

"पुढच्या अंकात उचलत नाहीत साहेब. हा अंक अजून खाली गेलेला नाही."

"मग काकांकडे राहिलं काय?"

"छत्री आहे," थोरली म्हणाली.

"छत्रीवर मालिका चालते का?"

"बघू."

उन्हं कलेपर्यंत ती मान वर न करता लिहीत होती. मग पानं घेऊन पुन्हा कात्रीसमोर उभी राहिली. आता गोष्ट अशी होती. काका कुलपावर फुंकर मारतात आणि काहीच होत नाही. पुन्हा मारतात, नाही. म्हातारा गोंधळतो, घराला वळसा घालतो, मागच्या खिडकीवर चढायला जातो आणि धपकन खाली पडतो. इकडे ठिगळी दाराच्या फटीशी आडवी पडते आणि आतल्या मुलीला सांगते, गुडघा फटीशी आण. फटीतून फुंकर मारते. मुलगी रडायची थांबते, पण दार काही उघडत नाही. मग तिघं संध्याकाळपर्यंत दाराच्या दोन्ही बाजूंना बसून गप्पा मारतात. शेवटी मुलीची आई येते, कापसाने माखलेली. कुलपावर फू करते, किल्ली फिरवते आणि दार उघडतं.

"ही दुसरी फुंकर झाली," कात्रीने लगेच बोट ठेवलं. "एका अंकात दोन."

"ती करामत नाही साहेब. ती आई आहे. कुलपात कापूस गेलाय म्हणून मारते. कुठलीही बाई मारेल."

कात्रीने कात्री उचलली, उघडली, आणि न कापता मिटली. "बरं," म्हणाले. त्यांच्या तोंडून नुसतं बरं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

राहिलं होतं ते शेवटचं पान. ते थोरलीने कात्रीला दाखवलं नव्हतं. ते घेऊन ती खिडकीपाशी गेली आणि धाकटीच्या पुढ्यात ठेवलं. धाकटीने वाचलं. सगळे आत गेल्यावर काका एकटेच पायरीवर बसलेत, छत्री बाजूला पडलीय. पँट वर करून स्वतःचा गुडघा बघतायत. फुटलाय. ठिगळी दारातून परत येते, त्यांच्यासमोर उकिडवी बसते. पुढचा फुगा रिकामा होता.

"काकांना कधी लागलं नव्हतं ताई," धाकटी म्हणाली. "इतक्या वर्षांत एकदाही नाही."

"लागायचं," थोरली म्हणाली. "दाखवणार कुणाला?"

धाकटीने रिकाम्या फुग्यावर बोट ठेवलं. "हा राहिलाय."

"तुझी फुंकर आहे. तूच लिही."

धाकटीने पेन घेतलं. तिने फुग्यात लिहिलं: फु.

थोरलीने सवयीने लाल पेनाकडे हात नेला, आणि मागे घेतला.

"दीर्घ काढ चिमे," ती म्हणाली. "ऱ्हस्वात नाही भागायचं माझं."